वाड्याच्या कडीपाटाचा बाक: जुन्या सागवानाचं फर्निचर घरी कसं करावं

जुनं सागवान घ्यायला जाताना मोबाईलमध्ये टेबलाचा फोटो घेऊन जाऊ नका. टेप, एक दणकट टोचा, दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक आणि घरातल्या रिकाम्या कोपऱ्याची मापं एवढं पुरे. वाड्याचं लाकूड आपल्याकडे येतं ते आधीच काहीतरी होऊन आलेलं असतं. कुणी तुळई असतं, कुणी कडी, कुणी पाट, कुणी चौकट. त्याची जाडी, लांबी, खाचा, भोकं सगळं ठरलेलं. त्यातून काय होईल हे त्याच्या मापांवरून काढायचं. मनातलं टेबल त्याच्यावर लादलंत तर अर्धं लाकूड भुशात जातं आणि उरलेलं इतकं गुळगुळीत होतं की ते जुनं होतं यावर कुणाचा विश्वास बसत नाही. मग वखारीतून नवं आणलेलं काय वाईट?

मी सुतार नाही. नोकरीभर ड्रॉइंग बोर्डावर आणि नंतर कॉम्प्युटरवर दुसऱ्यांच्या मशिनींची ड्रॉइंग काढली. निवृत्तीनंतर पुण्यात कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधला एक कोपरा मागून घेतला आणि तिथे लाकूडकाम सुरू केलं. अडेल तिथे सुतारकाकांना बोलावते. ते सूत आणि इंचात बोलतात, मी मिलिमीटरमध्ये, आणि काम होतं. पुढे मीही इंच आणि सूतच लिहिलंय, कारण बाजारात तेच चालतं. आठ सूत म्हणजे एक इंच.

वाडा उतरतो तेव्हा काय काय निघतं

पेठेतल्या वाड्याचा खालचा भाग दगडाचा, वरचा विटांचा, पण सांगाडा लाकडी. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट, आणि पाटांवर माती-चुन्याचा थर. हा झाला कडीपाट. खांब आणि तुळई कुसू-खोबणीत, म्हणजे एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, बसवलेली असते, म्हणून वाडा पाडण्यापेक्षा उतरवता येतो. राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग आणून तो पुन्हा उभा केलाय, तो पाहिलात तर हे चटकन कळेल. विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग एकदा नीट न्याहाळा: सुरूच्या आकाराचे खांब, वरची नक्षी, पुढे आलेला सज्जा. कोणता भाग भार घेतो आणि कोणता नुसता शोभेचा, हे डोळ्यांत बसलं की लाकडाच्या ढिगासमोर गोंधळ होत नाही.

फर्निचरसाठी सगळ्यात कामाच्या कड्या आणि पाट. कडी साधारण तीन बाय चार इंचाची, त्यातून खुर्ची-बाकाचे पाय आणि चौकटी निघतात. पाट इंच-सव्वा इंच जाड. बैठक, शेल्फ, टेबलाचा वरचा भाग त्यातून होतो. तुळई जड आणि जाड. ती मशिनीवर फाडून घेतली तर फळ्या उत्तम मिळतात, पण पहिल्याच कामाला तुळईच्या नादी लागू नका, तिसऱ्या मजल्यावर नेणार कशी?

खिडकीच्या चौकटीकडे लोक दुर्लक्ष करतात. गज बसवलेल्या चौकटीच्या आडव्या लाकडात ठरावीक अंतरावर भोकांची रांग असते. गज काढा, भोकांत जाड लाकडी खुंट्या ठोका, भिंतीला लावा. छत्र्या, पिशव्या, कुत्र्याचा पट्टा, सगळं लटकतं. एका दुपारचं काम आहे आणि हात बसवायला याहून चांगलं काही नाही.

कोरीव खांब, गणेशपट्टी आणि मोठी दारं मात्र कापू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. दारावर काच टाकून डायनिंग टेबल करायची फॅशन आहे. त्या टेबलावर जेवायला बसलं की गुडघे मागच्या आडव्या पट्ट्यांना आपटतात आणि काचेखालच्या नक्षीत आमटीचे थेंब जाऊन बसतात. दार उभंच शोभतं. पलंगाच्या डोक्याशी लावा किंवा दोन खोल्यांमध्ये पुन्हा दार म्हणूनच बसवा. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशी वस्तू परदेशातल्या लेकीकडे भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर तो सोडा, खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. इमारतीतून काढलेल्या वस्तूही या व्याख्येत येतात, तेव्हा साधा कडीपाटही यातून सुटतोच असं नाही.

कुठे घ्यायचं, किती घ्यायचं

पाडकामाचे ठेकेदार लाकूड सरळ आपल्या आवारात नेतात. तिथे गेलात तर निवड जास्त आणि भाव मोकळा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्येही विचारून पाहा; मात्र तिथे आधी बघून, मग बोलून, मग मोजून, या क्रमानेच जा. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे लाकूड मिळालं तर मिळालं, पण कड्या-कोयंडे, पितळी मुठी, जुन्या बिजागऱ्या शोधायला तो चांगला. पॉलिशचं सामान, लाख, स्क्रू वगैरे रविवार पेठेत बोहरी आळीत.

विकणारा हमखास म्हणणार, “ताई, पेशवेकालीन आहे.” असू द्या. शनिवारवाड्याला सागवान जुन्नरच्या जंगलातून आलं असं सांगतात, म्हणून पेठेतली प्रत्येक कडी बाजीरावाच्या वेळची होत नाही. आज उतरणाऱ्या वाड्यांतले कितीतरी इंग्रजी अमदानीतले आहेत. थोडा अंदाज तुम्हालाही येईल. पृष्ठभागावर वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) उथळ, वेडेवाकडे घाव असतील आणि खिळे चौकोनी, हाताने घडवलेले असतील तर लाकूड बरंच जुनं. करवतीच्या सरळ, एकसारख्या रेघा आणि गोल तारेचे खिळे असतील तर अलीकडचं. भाव मात्र वयावर देऊ नका, लाकडावर द्या.

मोजमाप घनफुटात होतं. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा, १४४ ने भागा. आठ फुटी, सहा बाय सहाची तुळई म्हणजे बरोबर २ घनफूट. वाळलेलं सागवान घनफुटाला अठरा-एकोणीस किलो भरतं, म्हणजे ती तुळई सदतीस किलोच्या आसपास. लाकूड आवारातून हलायच्या आत हे गणित स्वतः करा. मोजताना विकणारे सर्वात रुंद जागी टेप धरतात. तुम्ही मध्यावर आणि दोन्ही टोकांना धरा आणि सर्वात कमी माप मोजा.

पावती मागा, तीवर लाकूड कुठल्या वाड्याचं तेही लिहून घ्या. महापालिकेच्या वारसा यादीतल्या इमारतींचं सामान असं सुटं विकायला यायला नको. पत्ता सांगायला कुणी का-कू करत असेल तर पुढच्या आवारात जा.

सागवान आहे का, आणि शाबूत आहे का

जुनं लाकूड वरून सगळं सारखंच, काळपट करडं दिसतं. एक कोपरा पटाशीने (सुताराच्या छिन्नीने) नखभर छिला. आत सोनेरी तपकिरी रंग, बोट फिरवल्यावर किंचित तेलकट स्पर्श आणि जुन्या चामड्यासारखा वास आला तर सागवान. गडद, जांभळट-तपकिरी आणि उचलायला जड असेल तर शिसवी, तेही उत्तम. फिकट पिवळं, हलकं आणि राळेचा वास येणारं असेल तर देवदार किंवा पाइन. शेल्फला चालेल, भाव मात्र सागाचा देऊ नका. कड्यांत बाभूळ, ऐन, जांभूळ असं काहीबाही मिसळलेलं असतं, तेव्हा ढिगातलं प्रत्येक नग छिलून बघा. विकणाऱ्याने नाक मुरडलं तरी चालेल.

आता टोचा. भिंतीत गाडलेली टोकं आधी कुजतात, कारण पावसाळ्यात ओल तिथेच साचते. टोकापासून सुरुवात करून दर वितीवर टोचा दाबा. नुसतं टोक रुतलं आणि अडलं तर ठीक. लोण्यासारखा आत गेला तर तिथून पुढे कडक लाकूड लागेपर्यंत सगळं कापावं लागणार. साधारण नऊ इंच दोन्ही बाजूंनी गेले असं आधीच धरून लांबी ठरवा.

किडीचं बघायचं तर भोकं मोजू नका, भुसा बघा. जुनी भोकं निरुपद्रवी असतात. लाकूड काळ्या कागदावर ठेवून दोन-चार दिवस वाट पाहा. कागदावर पिठासारखी ताजी पूड पडली तर आत कीड जिवंत आहे. सागाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या भागाला लागते. पांढरा भाग असलेली कड्यांची कडा छाटून टाकली की बहुतेक प्रश्न मिटतो. मनाला लागून राहत असेल तर बोरॅक्स आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून दोन हात मारा आणि वाळू द्या.

नदीकाठच्या पेठांतलं लाकूड असेल तर चिरांमध्ये बारीक गाळ भरलेला सापडू शकतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्या भागात घराघरांत पाणी होतं. लाकडाला त्याने काही होत नाही, पण तो गाळ रंध्याच्या पात्याला सोडत नाही. काथ्याच्या ब्रशने आणि बारीक तारेने तो आधी उकरून काढा.

खिळे

सगळ्या कामात सर्वात कंटाळवाणं आणि सर्वात महत्त्वाचं काम हेच. वेळेचा अंदाज करताना इथे हात सैल सोडा. बाक करायला जेवढा वेळ लागेल त्याच्या निम्मा खिळ्यांना जातो असं धरून चाला.

आधी लाकूड कोरडंच घासा. माती, चुना, कोळिष्टकं निघाल्याशिवाय खिळ्याचं डोकं दिसत नाही. मग चुंबक दोऱ्याला बांधून पृष्ठभागापासून अर्धा सूत वर ठेवत हळूहळू फिरवा. जिथे तो झेप घेतो तिथे खडूने गोल करा. चारही बाजूंनी हे करा, टोकांनाही. भिंतीतल्या वायरी शोधायचं छोटं यंत्र मिळतं, ते असेल तर खोलवरचे खिळेही कळतात.

खिळ्याचं टोक पलीकडे बाहेर येऊन वळवलेलं असेल तर आधी ते पकडीने सरळ करा, मग टोकावर हातोडी मारून डोकं वर काढा. डोकं वर आलं की अंबुराने, म्हणजे खिळे उपटायच्या पकडीने, धरायचं. अंबुराखाली पातळ फळी ठेवायची, नाहीतर लाकडावर त्याची खूण कायमची उमटते. सरळ वर ओढू नका. एका बाजूला कलवा, सोडा, पुन्हा धरा. गंजून बसलेला खिळा हलत नसेल तर तापलेलं सोल्डरिंग आयर्न त्याच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा. लोखंड तापून फुगतं, गंजाची पकड सुटते आणि थंड होताना खिळा हलतो. मध्येच तुटला तर त्याच्या कडेने बारीक ड्रिलने तीन-चार भोकं पाडून मोकळा करा. ते भोक पुढे लाकडी खुंटीने बुजवता येतं.

चौकोनी खिळे टाकून देऊ नका. ते सरळ केले की भिंतीत ठोकायला छान आणि बाजारात अशी वस्तू मागितली तर मिळत नाही.

खिळ्याभोवती काळा-निळा डाग असतो. सागातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोखंड मिळून तो होतो. मला बाकावर, शेल्फवर असे डाग आवडतात, मी ठेवते. जेवणाच्या टेबलावर नको असतील तर ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर आणा. लिटरभर गरम पाण्यात चार-पाच चमचे विरघळवा, डागावर ब्रशने लावा, अर्ध्या तासाने भरपूर पाण्याने धुवा. पावडर विषारी आहे. हातमोजे, चष्मा, आणि स्वयंपाकघरातला चमचा वापरायचा नाही. धुतल्याशिवाय तो भाग घासू नका, तिची धूळ नाकात जाते.

स्वयंपाकघरावरच्या कड्यांना काजळीचा थर असतो. त्यावर धुण्याचा सोडा फासायचा सल्ला बरेच जण देतात, सागाला तो देऊ नका. क्षाराने साग आणखी काळवंडतो. थोडं साबणाचं पाणी आणि काथ्या, बाकीचं रंधा काढेल.

जुना ऑइलपेंट

दारं, खिडक्या, कठडे यांच्यावर हिरवा, निळा, चॉकलेटी रंगाचे थर असतात. त्यांत शिसं असणार असंच समजून वागा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; त्याआधीच्या, आणि आजोबांच्या काळच्या, रंगाची खात्री कोण देणार? म्हणून असा रंग मशिनीने कोरडा घासायचा नाही आणि गरम हवेच्या बंदुकीने जाळायचाही नाही. रंग उतरवायचं रसायन लावा, फुगलेला रंग ओला असतानाच खरवडा, खाली प्लास्टिक पसरून सगळा चुरा गोळा करा. घरात रांगतं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर हे काम बाहेरून करून घ्या, किंवा रंगवलेलं लाकूडच घेऊ नका. कडीपाट बहुधा बिनरंगी असतो, माझं प्रेम त्याच्यावर आहे ते यासाठीही.

धूळ कुठलीही असो, मास्क लावा. लाकडाच्या धुळीने कर्करोग होऊ शकतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेलं आहे, आणि सागाच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळ उठतं. ओढणी नाकाला बांधून भागत नाही.

वखारीत

कडी उभी फाडायची असेल तर ती वखारीतच. आरावाला, म्हणजे तिथली करवत चालवणारा, पहिला प्रश्न विचारतो, “खिळा नाही ना?” तुम्ही नाही म्हणायचं आणि ते खरं असायला हवं. करवतीचा पट्टा खिळ्याला लागला तर पट्ट्याचे पैसे तुमच्याकडून घेतात आणि पुढच्या वेळी तुमचं लाकूड घेत नाहीत. कुठली बाजू ठेवायची ते खडूने आधीच लिहून न्या. जुनी, वाकसाचे घाव असलेली बाजू ही दर्शनी बाजू. चारही बाजूंनी रंधा मारून आणलंत तर काय राहिलं? दोनच बाजू सरळ आणि काटकोनात करून घ्या, सांध्यांना तेवढं पुरतं.

फाडलेलं लाकूड घरी आणल्यावर लगेच कामाला घेऊ नका. ठेकेदाराच्या आवारात ते उघड्यावर पडलेलं असतं. दोन फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून, हवा खेळेल असं रचा आणि ज्या खोलीत फर्निचर राहणार तिथेच तीन-चार आठवडे राहू द्या. उन्हाळ्यात घेतलेलं उत्तम. एप्रिल-मेमध्ये पुण्याची हवा कोरडी असते, लाकूड पुरेपूर आकसतं. जुलैत ते फुगतं. लांबीत नाही, रुंदीत. पुढची सगळी रचना या एका गोष्टीभोवती आहे.

बाक: मापं आणि सांधे

दाराशी चपला घालायला बसण्याचा बाक. चार फूट लांब, पंधरा इंच रुंद, सतरा इंच उंच.

बैठकीला साडेसात इंची दोन पाट, प्रत्येकी चार फूट. पाय चार, कडीतून फाडलेले अडीच बाय अडीच, बैठकीची जाडी वजा करून पावणेसोळा इंच लांब. पाय बैठकीच्या दोन्ही टोकांपासून चार-चार इंच आत आणि कडांपासून एक-एक इंच आत. म्हणजे खालची चौकट बाहेरून बाहेर ४० बाय १३ इंच. पायांच्या मधलं मोकळं अंतर लांबीत ३५ आणि रुंदीत ८. आडव्या पट्ट्या तीन इंच उंच, एक इंच जाड. प्रत्येक टोकाला एक इंचाचा कुसू धरून लांब पट्ट्या ३७ इंचांच्या दोन, आखूड पट्ट्या १० इंचांच्या दोन. तळाशी जमिनीपासून चार इंचांवर बाजूच्या पायांना जोडणाऱ्या १० इंची दोन पट्ट्या आणि त्यांना मधोमध जोडणारी एक.

कुसू तीन सूत जाड आणि एक इंचच लांब. याहून लांब कुसू मजबूत असं वाटतं, पण पायाच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी खोबण येते आणि लांब कुसू आत एकमेकांवर आदळतात. कागदावर पायाचं वरून चित्र काढा, लगेच दिसेल. ड्रॉइंगला आळस करणाऱ्यांचे बाक डुगडुगतात ते याच कोपऱ्यात.

सगळं मिळून तयार लाकूड जवळजवळ एक घनफूट होतं. बाजारातून दोन ते अडीच घनफूट आणा. कुजकी टोकं, चिरा, पांढरा भाग, नको तिथे आलेली जुनी खाच, यांत निम्मं जातं.

खोबणी पटाशीने पाडायच्या. आधी ड्रिलने भोकांची ओळ, मग पटाशीने भिंती सरळ. जुना साग वाळून ठिसूळ झालेला असतो, म्हणून पटाशीला दर दहा मिनिटांनी धार लावा आणि एका घावात जास्त घेऊ नका. कडीवर आधीपासून असलेली खाच पायाच्या आतल्या बाजूला वळवा. कधी कधी ती तुमच्या खोबणीच्याच जागी येते, मग काम निम्मं. मोठी चीर असलेला तुकडा पायाला घेऊ नका, आडव्या पट्टीला चालेल, तीही चीर वरच्या अंगाला ठेवून.

सांधा जोडण्यापूर्वी कुसू कोरडाच बसवून बघा. हाताने दाबला की जावा, हातोडी लागली तर घट्ट आहे. आपोआप गळून पडला तर सैल. साग तेलकट असल्याने त्यावर फेव्हिकॉल कधीकधी नीट धरत नाही. म्हणून ताज्या छिललेल्या जागेवरच, ती थिनरने पुसून, वाळल्यावर लगेच लावा. मग क्लॅम्प, एक रात्र. दुसऱ्या दिवशी सांध्यातून आरपार दोन सुती भोक पाडून उरलेल्या सागाची खुंटी ठोका. वाडा असाच उभा होता, बाकाला ती पुरून उरेल.

बैठकीचे दोन पाट एकमेकांना चिकटवू नका. मध्ये एक सूत फट ठेवा. आणि बैठक चौकटीला थेट स्क्रूने आवळू नका. आडव्या पट्ट्यांना आतून उथळ खाच पाडा, त्यात जीभ अडकेल असे छोटे लाकडी गुटके करा आणि गुटके बैठकीला स्क्रूने बसवा. पाट पावसाळ्यात एखाद-दोन सूत फुगला तर गुटका खाचेत सरकतो. थेट आवळलेला पाट चिरतो, तोही वर्षभरानंतर, पाहुण्यांसमोर. सुतारकाका अशा वेळी म्हणतात, “लाकूड मेलं तरी श्वास घेतं, ताई.” विज्ञान म्हणून हे चूक आहे, सूचना म्हणून बरोबर.

चारही पाय टेकतात का ते फरशीवर नाही, काचेच्या टेबलावर किंवा मार्बलच्या ओट्यावर बघा. आपल्या फरश्यांवर कुठलाच बाक पूर्ण टेकत नाही.

पॉलिश

घासायला ८० नंबरचा पेपर फक्त रंधा मारलेल्या बाजूंना. वाकसाचे घाव असलेल्या बाजूला थेट १५० नंबर, तोही हाताने, रेषेच्या दिशेने, घाव पुसणार नाहीत एवढाच. खिळ्यांची भोकं बैठकीवर असतील तर सागाचाच बारीक भुसा आणि फेव्हिकॉलचा लगदा भरा. इतरत्र राहू द्या.

चपलांच्या बाकाला तेल चांगलं. उकळलेलं बेलतेल (जवसाचं तेल) आणि टर्पेंटाइन पहिल्या हाताला निम्मं-निम्मं. कापडाने लावा, वीस मिनिटं मुरू द्या, वरचं उरलेलं पूर्ण पुसून काढा. पुसलं नाही तर चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ. एक दिवस वाळल्यावर दुसरा हात, टर्पेंटाइन कमी. तिसरा निव्वळ तेलाचा, अगदी पातळ. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. बेलतेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर एकेकटं पसरून कडक वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

दिवाणखान्यातल्या वस्तूला लाखेचं पॉलिश हवं असेल तर लिटरभर स्पिरिटमध्ये दीड-दोनशे ग्रॅम चपडी लाख रात्रभर भिजवा, गाळा आणि कापडाच्या पुरचुंडीने पातळ हात मारत राहा. जितके जास्त तितकी खोली येते. पण जून ते सप्टेंबर या फंदात पडू नका. दमट हवेत लाखेवर पांढरट धुकं धरतं. दसऱ्यानंतर काढा हे काम. आणि गरम चहाचा कप त्यावर ठेवणाऱ्या नातेवाइकांसाठी तेलाची वस्तू वेगळी ठेवा. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारलेलं जुनं लाकूड मला प्लास्टिकसारखं दिसतं, पण जेवणाच्या टेबलाला पीयूचा व्यवहारी फायदा आहे, हे मान्य करते.

बाकाच्या पायांच्या तळाला पॉलिश लावायचं विसरतात. फरशी पुसताना पाणी तिथूनच वर चढतं. उलटा करून तळाला तेलाचे दोन जास्तीचे हात द्या, मग रबराच्या चकत्या.

उरलेले तुकडे

फूट-दीड फुटाच्या तुकड्यांचे बसायचे पाट होतात, चौरंग होतो, दोन इंची गुटक्यांचे दरवाजे अडवायचे अडसर होतात. भुसा बिनरंगी असेल तर कुंड्यांखाली पसरता येतो, बोरॅक्स मारलेल्या लाकडाचा नाही. ज्यांच्याकडे अजून बंब आहे त्यांनी बिनरंगी, रसायन न लागलेले तुकडे खुशाल जाळावेत. रंग लागलेला एकही तुकडा मात्र बंबात, चुलीत किंवा होळीत घालायचा नाही. शिसं धुरातून आणि राखेतून घरभर जातं, आणि ती राख भांडी घासायला वापरणारे लोक अजून आहेत. असे तुकडे आणि खरवडलेला रंग जाड पिशवीत बांधून वेगळे ठेवा, वर स्केचपेनने ‘जुना रंग’ असं लिहा आणि महापालिकेच्या घातक घरगुती कचऱ्यात द्या.